मांजरिकूला नाक लावायचं नाही

पोर्तो, फोंताइन्याश
१९ मे १९९१

भटक्या देल्फिम,

तुझ्या मागच्या पत्रावर तळणीचं तेल सांडलंय. पुढची जत्रा कुठल्या गावात, तेवढाच शब्द नेमका तेलात बुडालाय. एर्मिनिया मावशीने कागद खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, हुंगला, आणि म्हणाली, "अमारांत. दुसरं कुठलं असणार? पोरगं दरवर्षी त्याच वाटेने जातं." म्हणून हे पत्र अमारांतच्या पोस्टात पाठवतेय. मिळालं तर मावशी शहाणी, नाही मिळालं तर तू दुसरीकडे फार्तुराची गोड वेटोळी तळतोयस.

कामाचं आधी. सेंट जॉनच्या सणाला महिना उरला. मावशीच्या गच्चीत पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे मांजरिकूच्या, त्या बारीक पानांच्या सुवासिक तुळशीच्या, कुंड्या. या वर्षी झाडं अशी गोल धरलीत की वाटतं न्हाव्याकडून आलीत. आता प्रत्येक कुंडीत कागदी निशाण लागणार आणि निशाणावर चार ओळी. गेल्या वर्षी तू पाठवल्या नाहीस म्हणून मावशीने छापखान्यातून तयार आणल्या. सगळ्या चंद्रावर. लोक वाचायचे आणि कुंडी खाली ठेवायचे. तेव्हा बस आणि लिही. शाळेत नववीत अडकलास, पण चार ओळी तुझ्यासारख्या या गल्लीत कुणाला जमत नाहीत, हे मी मास्तरीण होणारी बाई लेखी देते.

मावशीचं ओरडणं चालू झालंय. गिऱ्हाईक वाकलं की, "नाक नको, बाबा! हात! हाताने कुरवाळ आणि हात हुंग! नाक लावलंस तर संध्याकाळपर्यंत मरेल!" काल प्रत्यक्ष पाद्रीबाबांना ओरडली.

आणि एक. मावशीच्या ओळींशिवाय एक जास्तीची पाठव. माझ्यासाठी. म्हणजे मला द्यायची आहे, कुणाला तरी. मुलींनी मुलांना मांजरिकू द्यायची पद्धत नाही हे मला ठाऊक आहे, तू सांगू नकोस. कुणाला ते विचारू नकोस.

तोमे आठवण काढतो. काकाच्या चष्म्याच्या दुकानात आता पांढरा कोट घालून बसतो, डॉक्टरसारखा.

बीता

*

अमारांत
२ जून

मास्तरीणबाई,

मावशी शहाणी. पत्र मिळालं. लगेच उत्तर देणार होतो, पण गाडीचं चाक निखळलं, मग चाक शोधायला मी उतारावरून खाली गेलो, तिथे एक म्हातारा गाढवाला आंघोळ घालत होता. तुला माहितेय, गाढवाच्या कानात पाणी गेलं तर ते आठवडाभर रुसतं? म्हाताऱ्याने दुपारभर सांगितलं. चाक त्याच्याच अंगणात होतं. परत आलो तर गाडीची मालकीण दोना ओदेते झारा घेऊन उभी. "चाक शोधायला गेला होतास की जन्माला घालायला?"

इथे जत्रा जोरात आहे. या गावचे केक तुला ठाऊक असतील. त्यांचा आकार मास्तरणीला पत्रात लिहून कळवण्यासारखा नाही. बायका खदाखदा हसत एकमेकींना देतात, आणि पाद्री आभाळाकडे बघतात. आमची गाडी त्यांच्या शेजारीच, त्यामुळे आमची फार्तुरा फार सोज्वळ दिसते.

मावशीच्या ओळी सोबत आहेत. ही मला स्वतःला आवडली:

मांजरिकू दिला तुला,
पाणी घाल सकाळचं;
माझ्याकडे बघताना
तोंड नको दुपारचं.

आता तुझी जास्तीची. विचारू नकोस म्हणालीस, मी विचारत नाही. पण मी काही आंधळा नाही. मागच्याच्या मागच्या सेंट जॉनला मी होतो ना तिथे. सगळं गाव एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे हाणत होतं, आणि तुझा हातोडा कुणाच्या डोक्यावर सारखा वाजत होता? तोमेच्या. ज्याच्यावर जीव त्याच्यावर हातोडा. हे लहान पोरालाही कळतं. तर घे, तोमेसाठी:

चष्मा तुझा जाड जाड,
नाक त्याहूनही जाड;
दूर धर, नको हुंगू,
मरून जाईल झाड.

आणि तुझं काम पक्कं व्हावं म्हणून इथल्या संतबाबाच्या कमरेची दोरी मी तुझ्या नावाने ओढून आलो. बायका लग्न जमावं म्हणून ओढतात. रांगेत मी एकटा पुरुष. मागची आजी म्हणाली, "पोरा, तुला नवरा हवाय?" म्हटलं, "मैत्रिणीसाठी आलोय." ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात."

पुढचं पत्र विला रियालला टाक.

देल्फिम

*

पोर्तो
६ जून

गाढवाच्या मित्रा,

दोरी ओढायला तुला कुणी सांगितलं होतं? मावशी म्हणते, जो ओढतो त्यालाच ती लागू होते, नाव कुणाचंही घे. भोग आता.

मावशीच्या ओळी फक्कड आहेत. 'दुपारचं तोंड' वाचून ती इतकी हसली की शिंपणाची झारी सांडली. तिने ती ओळ समोरच्या मासेवालीला ऐकवली, कारण मासेवालीचं तोंड सकाळपासूनच दुपारचं असतं. आता दोघी बोलत नाहीत.

माझी मात्र परत पाठवतेय. ही काय कविता झाली? ज्याला द्यायची तो चष्मा लावत नाही. खरं तर लावायला हवा, इतकं कमी दिसतं त्याला. आणि तोमेच्या डोक्यावर मी हातोडा मारत होते कारण त्याचं डोकं मध्ये येत होतं. त्याच्या मागे कोण उभं होतं ते आठव. नाहीच आठवलं तर सोड.

आता मुख्य गोष्ट. बसून वाच, आणि तळणीपासून लांब बस. मला नोकरी लागली. शाळा फ्लोरेस बेटावर आहे. नकाशात बघ, अझोरेस बेटांच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला, त्यापुढे नुसतं पाणी आणि मग थेट अमेरिका. सप्टेंबरात जायचं. होकार जूनअखेर कळवायचाय. मावशीला अजून सांगितलेलं नाही, तू पहिला. ती 'जा' म्हणेल आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरेल, कांदा नसला तरी.

मला जायचंय, देल्फिम. पोरांना शिकवायची माझी हौस तुला ठाऊक आहे, तुला नववीचं गणित शिकवताना मी किती पेन्सिली मोडल्या. पण जाण्याआधी एक गोष्ट मला माहीत करून घ्यायचीय, आणि ती त्या मांजरिकूवर अवलंबून आहे. म्हणून नीट लिही. आणि सेंट जॉनला ये. रात्री नदीवर दारूकाम सुरू होईल तेव्हा तू पुलाखाली हवास, नेहमीच्या जागी. या वर्षी बहाणा नको.

बीता

*

विला रियाल
१२ जून

बीता,

वा! अभिनंदन! फ्लोरेस! इथल्या दुकानात नकाशा होता त्यात बघितलं. दुकानदाराने आधी विचारलं घेणार का, मी म्हटलं बघणार. बेट कसलं, माशीने घाण केल्यासारखा ठिपका आहे. माझ्या करंगळीच्या नखाखाली ते सगळं झाकलं, शाळेसकट. मग नख काढलं. आहे अजून.

छान झालं. खरंच छान झालं. तिकडे गाई फार आहेत म्हणे. गाईंचं एक असतं, त्या वादळाच्या आधी बसतात. की उठतात? ओदेतेच्या दिवंगत नवऱ्याला पक्कं माहीत होतं, पण तो विजेच्या पाळण्यांच्या धंद्यात गेला, म्हणजे धंदा बदलला असं नव्हे, पाळण्यावरून पडला. हे मी कशाला सांगतोय?

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्या हातून पिठाचं वेटोळं तेलात पडलं ते पडलंच. काळं झालं, धूर झाला, गिऱ्हाईक खोकायला लागलं. ओदेते म्हणाली, "फार्तुरा तळतोयस की धूर सोडून पोप निवडतोयस?" मी म्हटलं, "मैत्रीण बेटावर चाललीय." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि झारा माझ्या हातातून काढून घेतला. पुढचं वेटोळं स्वतः तळलं. ओदेते आणि माझं काम करणं! मला भीतीच वाटली.

म्हणजे तोमेने चष्मा सोडला? मी त्यावर पुष्कळ विचार केला. चष्म्याच्या दुकानातला माणूस चष्मा सोडतो म्हणजे त्याचं प्रेम खरंच आहे. त्याला म्हणावं, रस्ता ओलांडताना जपून. आणि तो येणार आहे का तुझ्याबरोबर बेटावर? तिथे चष्मे लागत असतील. चांगला माणूस आहे तो. मी काही वाईट म्हणत नाही.

कविता काही जमत नाहीये. चार ओळी सुरू करतो आणि तिसरीत गाई येतात.

सेंट जॉनला यायला जमणार नाही. त्याच रात्री ब्रागाचीही जत्रा, आणि ओदेते ब्रागा सोडत नाही. पोर्तोची जागा तिच्या नणंदेकडे आहे. नणंद-भावजयीचं बोलणं कुणाच्या तरी बारशात तुटलं ते तुटलंच. माझं काही चालत नाही. तू समजून घेशील.

देल्फिम

*

पोर्तो
१५ जून

देल्फिम,

समजून घेणार नाही.

एक सांगू? लोक म्हणतात देल्फिम भटका आणि बीता खिडकीतली. मीही तेच म्हणायचे. काल तुझी सगळी पत्रं काढली आणि पाकिटांवरचे शिक्के बघितले. बार्सेलुस, अमारांत, विला रियाल, ब्रागा, पोव्हुआ. मागच्या वर्षी तेच. त्याच्या मागच्या वर्षीही तेच. तू कुठे भटकतोस रे? तू लाकडी घोड्यांच्या पाळण्यावर बसलायस. गोल गोल. वारा लागतो म्हणून वाटतं लांब चाललोय. आणि या खिडकीतली मी, जी कधी विला रियालपर्यंतसुद्धा गेली नाही, ती आता समुद्राच्या मधोमध जाऊन उभी राहणार आहे. सरळ रेषेत. मला भीती वाटतेय, आणि तू मला गाईंचं सांगतोस.

तोमेचा चष्मा नाकावरच आहे. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने कपाळ काउंटरवर आपटलं, एकदा नाही.

कविता सणाआधी हवी. नाहीतर मी मावशीच्या जुन्या गठ्ठ्यातला चंद्र लावीन आणि देऊन टाकीन, मग जे व्हायचं ते चंद्रावर.

बीता

*

ब्रागा
१९ जून

बीता,

तुझं पत्र वाचलं. गाडीमागे तेलाच्या डब्यावर बसून वाचलं, मग जत्रेतल्या लाकडी घोड्यांपाशी जाऊन उभा राहिलो. एक लहान मुलगी निळ्या घोड्यावर होती. दर फेरीला आईला हात करायची, जशी काही प्रवासाला निघालीय. मी तिथून निघून आलो.

आज गाई आल्या नाहीत. बसलो आणि चारच ओळी आल्या. खोडल्या नाहीत, दुरुस्तही केल्या नाहीत. केल्या असत्या तर पाठवल्या नसत्या.

गाव गाव फिरलो मी,
हात धुतले पाण्यात;
तुझ्या झाडाचा तो वास
अजून माझ्या हातात.

दे तोमेला, किंवा ज्याला द्यायची त्याला. चष्मा असो वा नसो. त्याला एवढंच सांग, नीट धर. कुंडीही आणि बाकीचंही.

आता ओदेते हाक मारतेय. पीठ फुगलंय.

देल्फिम

*

पोर्तो
२२ जून

देल्फिम,

तुझी चारोळी मिळाली. बारा वर्षं मी तुला उदाहरणं समजावली, आज एक तू मला समजाव.

कविता माझ्या नावाने द्यायची होती. मी तर या गल्लीतून कधी हलले नाही. मग गाव गाव फिरलं कोण? आणि हाताला वास राहिलाय तो कुणाच्या? या ओळी मी कुणालाही दिल्या तरी तो विचारेल, "बाई, हा फिरणारा कोण?" तेव्हा देण्यासारखं या जगात एकच माणूस उरतं, आणि त्याला त्याच्याच ओळी काय द्यायच्या?

त्या मी ठेवून घेतल्या. त्या माझ्या.

तुला देण्यासाठी मी स्वतः बसले. दोन संध्याकाळी गेल्या. मावशीने मदत करू का विचारलं, मी तिला बाहेर काढलं. मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा हसू नकोस. निशाणावर आहे ती माझी. कुंडी तोमेच्या हाती पाठवतेय, त्याच्या मोपेडवरून. गच्चीतली सगळ्यात गोल होती ती. मावशीला दिसली नाही असं मावशीने मला सांगितलं.

दारूकाम, पूल, नेहमीची जागा.

बीता

(मी तोमे. पेन माझं, आणि बीताची पाठ वळलीय, म्हणून इथे खाली लिहितो. तू जगातला सगळ्यात मोठा ठोंब्या आहेस. दोन वर्षांपूर्वीच्या सेंट जॉनला माझ्या मागे तू उभा होतास. तिचा नेम तुझ्यावर होता आणि तू दर वेळी खाली वाकून फार्तुरा खात होतास, म्हणून सगळे हातोडे मला बसले. त्याची परतफेड करायला मी हातोडा सोबत आणतोय. दुकानात ये, नजर फुकट तपासून देतो.)

*

[कुंडीतल्या निशाणावर]

गोल गोल फिरणाऱ्या,
एकदा तू ये सरळ;
नाक लाव या झाडाला,
घे रे त्याचा दरवळ.

*

पोव्हुआ द वार्झीं
३० जून

बीता, बीता, बीता,

बघ, नुसतं नाव लिहिण्यात अर्धी ओळ गेली. आणखी लिहिणार होतो, पण कागद ओदेतेचा आहे.

तुझं होकाराचं पत्र पोचलं असेलच. तू पेटीत टाकलंस तेव्हा मी शेजारीच होतो, तरी विचारतो. मावशीने कांदा चिरला का? इथे सगळ्यांना सांगून झालंय की माझी मैत्रीण अटलांटिकच्या मधोमध शिकवणार आहे. कोळी लोक आहेत इथले, त्यांना बेट ठाऊक आहे. एक म्हणाला, "तिथल्या वाऱ्याला टोपी आवडते." मग त्याने त्याच्या सगळ्या टोप्यांची गोष्ट सांगितली, ती भेटल्यावर.

ओदेतेची हकीकत तुला अर्धीच सांगितली होती, पुलाखाली बोलायला सवड कुठे होती. तर तोमे भर गर्दीत आला, आधी हातोडा, मग कुंडी. मी निशाण वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग सगळ्या जत्रेसमोर नाक त्या झाडात खुपसलं, पार कानापर्यंत. शेजारचा नूगा-मिठाईवाला ओरडला, "अरे मारशील त्याला!" ओदेतेने माझ्याकडे पाहिलं, निशाण वाचलं, आणि ॲप्रनची गाठ माझ्या पाठीमागून स्वतः सोडली. म्हणाली, "वर्षातली सगळ्यात मोठी रात्र आहे, रांग कोपऱ्यापर्यंत गेलीय, आणि तू चाललास. माझी नणंद पोर्तोत दिसली तर तिला सांग..." मी थांबलो. "...सांग की तिची फार्तुरा कच्ची असते. आणि तब्येत विचार." मी दोन्ही निरोप दिले. नणंद पहिल्यावर भडकली आणि दुसऱ्यावर रडली. आता त्या एकमेकींना पत्रं लिहिणार आहेत म्हणे. देव सगळ्यांचं भलं करो.

आणि आता आरोग्याची बातमी. झाड जिवंत आहे! आठवडा झाला. रोज सकाळी पाणी, रोज सकाळी नाक. हिरवंगार. मावशीला सांगू नकोस, तिचा धंदा बसेल.

सप्टेंबरपर्यंत ओदेतेला शब्द दिलाय, व्हिसेउची मोठी जत्रा उरकून देईन. अर्ध्यात सोडून जायची माझी जुनी सवय तुला ठाऊक आहे. ही पहिली गोष्ट मी पूर्ण करून सोडणार आहे.

देल्फिम

*

फ्लोरेस
२९ सप्टेंबर

माझ्या ठोंब्या,

पोचले. विमान इतकं लहान होतं की वैमानिकाने मागे वळून विचारलं, "सगळे बरे आहात ना?" सगळे म्हणजे आम्ही पाचजण आणि एक कोंबडा.

वाऱ्याला टोपी आवडते हे खरं आहे. माझी पहिल्याच दिवशी गेली, अमेरिकेला पोचली असेल. घरमालकीणबाई रोज दार वाजवून सूप देते आणि विचारते, "नवरा कधी येणार?" मी पहिल्यांदा म्हटलं, नवरा नाही. तिने सूप परत न्यायची तयारी केली. आता मी म्हणते, "येतोय." वाईट वाटून घेऊ नकोस, सूप चांगलं असतं.

वर्गात पोरं चौदा, खोडकर सगळी. नकाशा लावला आणि विचारलं, आपण कुठे? एकाने उठून बोट ठेवलं तर सगळं बेट बोटाखाली गेलं. मला हसू आलं, आणि मग थोडा वेळ मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. संध्याकाळी समुद्राचा आवाज येतो तेव्हा गल्लीतला एकही आवाज आठवत नाही. मावशीचं 'नाक नको' सोडून.

गाई मी नीट बघितल्या. वादळाआधी त्या बसतात. आता तुला पक्कं माहीत झालं, पुन्हा लिहू नकोस.

फार्तुरा इथे कुणी खाल्लेली नाही. पोरांना फळ्यावर काढून दाखवली. त्यांना वाटलं गोगलगाय.

झाड कसं आहे?

बीता

*

पोर्तो, मावशीच्या गच्चीतून
११ ऑक्टोबर

बीता,

झाड गेलं.

घाबरू नकोस, नाकाने नाही गेलं. व्हिसेउची जत्रा उठली, सकाळी दव गार पडलं आणि पानं एकेक करून पिवळी झाली. मी कुंडी मांडीवर घेऊन इथपर्यंत आलो, बसमध्ये, लोक जागा देत होते. मावशीच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं खरं सांगितलं, रोजच्या नाकासकट. आता ओरडेल म्हणून डोकं खाली घातलं. ती म्हणाली, "अरे वेड्या, मांजरिकू हिवाळा बघतच नाही. हुंगा नाहीतर नका हुंगू. नाक नको म्हणते ते गिऱ्हाईकांना. दिवसाला दोनशे नाकं लागली तर कुठलं झाड टिकेल? एका नाकाने काही होत नाही." मग तिने वाळलेले तुरे माझ्या तळहातावर चोळले, फुंकर मारली, आणि काळं बारीक बी उरलं ते काडेपेटीत घालून मला दिलं. मी हात हुंगून बघितला. वास होता.

ओदेतेने जुनी लहान तळणी दिलीय, पीठ सोडायच्या पितळी पिचकारीसकट. म्हणाली, "उसनी. परत आणून द्यायला तरी येशील." नणंदेने दालचिनी दिली. तोमेने चष्मा दिला, नंबर खरंच निघाला! रस्त्याच्या पलीकडची पाटी मला आयुष्यात पहिल्यांदा दिसली. मासेवालीचं दुकान आहे ते.

मंगळवारच्या विमानाने निघतोय. वाटेत कुठे उतरणार नाही. कुणी गाढवाला आंघोळ घालत असलं तरी थांबणार नाही. घरमालकीणबाईंना सांग, सूप दोन वाट्या.

आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेव. बियाण्याला सकाळचं ऊन लागतं.

देल्फिम